तीनच गाणी येतात

लिंबायत, सुरत
१२ सप्टेंबर २०२४

सरले,

सलाम लिहिला आहे असं समज. पाळकाच्या बायकोला त्याशिवाय पुढचं वाचवत नाही हे मला माहीत आहे.

तुझा फोन आला होता. आमच्या सूनबाईनं, धनश्रीनं, माझ्या कानाला लावला. मला माशी भणभणल्यासारखं ऐकू आलं आणि मी आपली "हो, हो, बरं" म्हणत राहिले. नंतर ती म्हणाली, मावशी प्रार्थना करत होत्या. म्हणजे मी देवाच्या मधे मधे बोलले. बोलले तर बोलले. बावीस वर्षं बॉबिनच्या मशीनवर बसलेल्या बाईला फोन करू नये. कान तिथेच ठेवून आले मी. तू लिहून पाठव. तिसरीपर्यंतच शिकले तरी वाचता येतं, आणि रागवायचं असलं की मला हातात पेनच लागतं.

शमूचं विचारलंस. जूनमधे पांडेसऱ्याच्या त्या रंगाईच्या मिलमधे कॉस्टिकचं जहाल पाणी तोंडावर उडालं, तेव्हापासून आपण सगळे "एक डोळा वाचेल" म्हणत होतो. परवा डॉक्टरनं तोही काढून घेतला. दोन्ही गेले. अडतीस वर्षांचा मुलगा माझा, आणि मी त्याला हाताला धरून मोरीवर नेते. याआधी नेत होते तेव्हा तो दीड वर्षाचा होता.

आमचं घर तुला ठाऊक आहे. एक खोली. मागची भिंत लूमच्या खात्याची, कापड विणायच्या त्या कारखान्याची, पुढचं दार गल्लीत, दाराला तीन पायऱ्या. आता आता तो आपला आपण थोडा चालतो. खाट ते मोरी, मोरी ते खाट. बुधवारी मात्र उठतच नाही. भिंतीकडे तोंड करून पडतो. विचारलं तर म्हणतो, आज बुधवार आहे ना, आई. मी म्हटलं, डोळे गेले, नोकरी गेली, पण सुट्टीचा दिवस नाही विसरला लेकाचा.

आमच्या मंडळीचे पाळकसाहेब आले होते. उषाबाई, रविवारी उभं राहून साक्ष द्या म्हणाले, संकटात आनंद कसा टिकवलात ते मंडळीला ऐकू दे. मी म्हटलं, साहेब, टिकला असता तर वाटला असता. चहा अर्धा टाकून गेले. तेव्हापासून मी मंडळीत जात नाही, चर्चची पायरी चढत नाही. देवाशी माझं बोलणं बंद आहे. तू मधे पडू नकोस.

उषा


नवापूर
२४ सप्टेंबर

प्रिय आक्का,

प्रभू येशूच्या नावात तुला सलाम. तू नाही लिहिलास तरी मी लिहिणार.

पत्र वाचून मी गुडघे टेकले. गुडघे आता टेकले की उठत नाहीत, शेजारची गायत्री येऊन उठवते. तरी टेकले. आक्का, देवावर रागावणारी माणसं शास्त्रात पुष्कळ आहेत, पण बोलणं बंद करणारी कमी. तू भांड, पण बोल. पौलाला फटके मारून तुरुंगात टाकलं, पाय खोड्यात अडकवले, तरी तो गात होता. आपला आनंद परिस्थितीवर टांगलेला नसतो. आमचे हे प्रत्येक नाताळला यावर बोलायचे, आठवतं ना.

मला काळजी धनश्रीची वाटते. तिचा विश्वास लग्नानंतरचा आहे, कोवळा आहे. माहेरची माणसं उधन्याला, हाकेच्या अंतरावर. अशा वेळी ती तुझ्या तोंडाकडे बघत असेल. तूच तोंड फिरवलंस तर ती कोणाकडे बघेल? तिच्याशी मऊ वाग. तिच्यासमोर तरी आनंदी राहा.

नागलीचं पीठ पाठवते आहे. शमूला भाकरी करून घाल.

तुझी,
सरला


लिंबायत
९ ऑक्टोबर

सरले,

पीठ पोचलं. पौलही पोचला.

पौल तुरुंगात गात होता, कारण त्याला उठून स्वयंपाक करायचा नव्हता. आणि त्याला सोडवायला भूकंप झाला. आमच्याकडे खात्यामुळे जमीन रात्रंदिवस हलते, तरी एक दार उघडलेलं नाही.

धनश्रीचं तू बरोबर ओळखलंस, म्हणून जास्त राग आला. तिची आई वत्सला आणि भाऊ कुंदन येऊन गेले. वत्सला माझ्या कानाशी येऊन मोठ्यानं म्हणाली, "तुमना देवनी काय दिधं तुमले?" सगळ्या गल्लीनं ऐकलं. मला उत्तर सुचलं नाही. मला, सरले. तुला माहीत आहे मला उत्तर सुचलं नाही म्हणजे काय. कुंदन म्हणाला, ताईनं थोडे दिवस यावं, पोरीला घेऊन यावं, पुढचं पुढे बघू. "पुढचं पुढे" म्हणजे काय ते मला कळतं. ती साडीला टिकल्या चिकटवत बसली होती, तिनं मान वर केली नाही. नाही म्हणाली नाही. हो म्हणाली नाही.

ती गेली तर शमूचं काय ते तू मला सांग. मी सत्तर ओलांडली. मी किती वर्षं त्याचा हात धरणार? नऊ वर्षांची हर्षदा धरणार? सारा डाव त्या एका बाईवर आहे, आणि तिला ते माहीत आहे, आणि मला तिच्याशी गोड बोलता येत नाही. काल म्हटलं, भाजी बरी झाली. तिनं दचकून पातेल्यात बघितलं, काय पडलंय म्हणून.

उषा


नवापूर
२० ऑक्टोबर

प्रिय आक्का,

सलाम. भाजीचं वाचून हसू आलं, क्षमा कर.

थोडं थोडं बोलत जा, सवय होईल तिला. मी महिला सभेत तुमच्या घरासाठी प्रार्थनेचा विषय दिला आहे. सगळ्या बायका रोज सकाळी धनश्रीचं नाव घेतात. काहीतरी घडेल बघ. मी वाट बघते आहे.

सरला


लिंबायत
५ नोव्हेंबर

सरले,

घडलं. तुझ्या बायकांना सांग, थांबा आता.

दिवाळीला गल्ली रिकामी झाली. सगळे कारीगर गावी गेले, कोणी शिरपूर, कोणी अमळनेर. आम्ही कुठे जाणार? वत्सलानं फराळाचा डबा पाठवला. आणि दुसऱ्या दिवसापासून ही बाई गायला लागली.

गाणं म्हणजे कसं, एखादं कडवं गुणगुणली असं नाही. सकाळी पीठ मळताना सुरू, ते दिवे लागले तरी सुरू. माझ्या असल्या कानांना ऐकू येतं म्हणजे बघ किती मोठ्यानं. मोरीत भांडी घासते, गाते. चुलीशी बसते, गाते. दाराशी टिकल्या चिकटवते, गाते. लग्न होऊन आली तेव्हा मी तिला भक्तीची गाणी शिकवली होती. मला तीनच येतात. त्याच तिन्हींचा घाणा. आणि चाल कोणती? कानबाईच्या, तिच्या माहेरच्या देवीच्या, गाण्यांची. येशूचं नाव आणि कानबाईची चाल. माहेरचा डबा काय आला, गळ्यात माहेर उतरलं.

मी तिला पाच महिन्यांत हसताना बघितलं नाही. मीही हसले नाही. हे घर आता सुतकाचं, हे आम्ही दोघींनी न बोलता ठरवलं होतं, असं मला वाटत होतं. आणि आता ही एकदम आनंदी. कशानं? आईकडे जायचं ठरलं म्हणून. दुसरं काय असणार? माणूस एकदा मनानं सुटलं की त्याला गाणं येतं. वरच्या मजल्यावरची उखाची बायको जिन्यात थांबून बघत होती. नवरा खाटेवर आंधळा बसलाय आणि बायको गाते. आणि शमू! तो तोंड वर करून तिच्या मागे मागे मान फिरवतो, सूर्यफुलासारखा. त्याला माहीत नाही हा निरोप चाललाय.

माझ्या घरात आनंद करायची परवानगी तिला दिली कोणी?

आज सकाळी मी सांगितलं. म्हटलं, गायचं असेल तर आईकडे जाऊन गा. तिनं तव्यावरची भाकर उतरवली. हात धुतले. आत्ता हे लिहिते आहे तेव्हा ती हर्षदाची वेणी घालते आहे. गात नाहीये. बरं वाटतंय.

उषा


नवापूर
१३ नोव्हेंबर

प्रिय आक्का,

अगं, हेच तर उत्तर आहे! तुला दिसत कसं नाही?

तुझं पत्र मिळालं आणि मला राहवलं नाही. मी ते मंगळवारी महिला सभेत वाचून दाखवलं. शेवटचा भाग सोडला. लिंबायतमधली एक सून, बाहेरून आलेली, नवऱ्याचे डोळे गेलेले, आणि सकाळपासून रात्रीपर्यंत देवाची स्तुती करते. बायका रडल्या, आक्का. जुन्या जुन्या विश्वासू बायका. एक म्हणाली, आपल्याला लाज वाटली पाहिजे. इथल्या आताच्या पाळकबाई नाताळच्या सभेत हीच साक्ष सांगणार आहेत. ज्या साक्षीसाठी तुला पाळकसाहेब विनवत होते, ती तुझ्या सुनेनं दिली.

आणि कानबाईच्या चालीचं काय घेऊन बसलीस? आपली आई जात्यावर कोणत्या चालीत गायची? तिच्या आईकडून आलेल्या. शब्द तेवढे मिशनचे. आमचे हे म्हणायचे, चालीला बाप्तिस्मा लागत नाही.

तू तिची क्षमा माग. लगेच. हे पत्र खाली ठेवून आधी माग, मग पुढचं काम कर.

सरला


लिंबायत
२१ नोव्हेंबर

सरला,

तुझं पत्र मी शमूच्या खाटेशी बसून वाचलं. त्याच्या हाताला प्लॅस्टर आहे आणि भुवईवर टाके आहेत. कसे ते सांगते. हेही वाच तुझ्या सभेत. या वेळी शेवट सोडू नकोस.

मी बोलले त्याच दुपारी ती हर्षदाला घेऊन उधन्याला गेली. भांडण नाही, आदळआपट नाही. शमूला म्हणाली, चार दिवस जाऊन येते. तो म्हणाला, जा. मी मनात म्हटलं, हे बघ, मी खरी ठरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तांदूळ निवडत बसले होते, त्याच्याकडे पाठ करून. तो उठला. उभा राहिला. मला काहीतरी विचारलं म्हणे. मला ऐकू आलं नाही. मग तो मोरीकडे निघाला. ते दार होतं, सरले. त्यानं पाय उचलला तो थेट तीन पायऱ्या खाली, गटाराच्या फरशीवर. मला आवाजसुद्धा आला नाही. उखा धावत आला आणि त्यानं माझा खांदा हलवला तेव्हा मी वळले. माझ्या मांडीवर सूप, आणि दारात उजेड, आणि खाट रिकामी.

दवाखान्यात टाके घालून झाल्यावर मी त्याच्यावर ओरडले. रोज जातोस, आज मोरी कशी चुकली? त्यानं माझं डोकं हातानं चाचपलं, कान शोधला आणि कानात मोठ्यानं म्हणाला, "लूम बंद आहेत ना, आई. ती गात होती म्हणून कळायचं."

मला समजलं नाही. त्याला दोनदा सांगावं लागलं. खात्याच्या भिंतीमागे लूम चालतात तेव्हा तो आवाज पाठीवर घेतो. पाठीवर लूम म्हणजे समोर दार, उजवीकडे मोरी. तेवढ्यावर तो चालत होता. बुधवारी खात्याला सुट्टी, म्हणून बुधवारी पडून राहायचा. भिंत सापडायची नाही त्याला. मग दिवाळीचं वेकेशन लागलं आणि लूम सगळेच थांबले. रोजचाच बुधवार झाला. धनश्रीच्या ते पहिल्याच दिवशी लक्षात आलं. तिनं त्याला विचारलंही नाही. गायला लागली. ती चुलीशी गायली की चूल तिथे. दाराशी बसून गायली की दार तिथे, तिकडे जायचं नाही. मी त्या मानेला सूर्यफूल म्हटलं होतं.

एकतीस वर्षं मी त्या भिंतीला टेकून राहिले. लूम बंद आहेत हे मला जाणवलंच नव्हतं. दर दिवाळीला बंद होतात हे माहीत आहे, पण ते वेगळं. आणि पडण्याआधी त्यानं विचारलं होतं ते हे, की आई, तू कुठे बसली आहेस?

तू म्हणालीस क्षमा माग. तुझं पत्र यायच्या आधीच मी रिक्षा करून उधन्याला गेले होते. वत्सलानं पाणीसुद्धा विचारलं नाही, बरोबर केलं. धनश्री ओट्यावर बसली होती. शमू पडला हे तिला कुंदननं सांगितलं होतं, दवाखान्यात जाऊन तीही बघून आली होती, त्याच्याजवळ बसायची माझी पाळी नव्हती तेव्हा. मी म्हटलं, मला कळलं नाही, तू सांगायचं होतंस. तर म्हणाली, तुम्ही विचारायचं होतंत.

मग ती माझ्या कानाशी आली आणि सावकाश बोलली, एकही शब्द चुकू नये असं. "मला गाताना काहीच वाटत नाही, आई. पहिल्या दिवशी रडूच येत होतं. पण रडले असते तर यांना कळलं असतं. गाताना आवाज फाटला तर कळत नाही. आणि मला तुमची तीनच पाठ आहेत."

आता सांग तुझ्या पाळकबाईंना. कसली साक्ष सांगणार आहेत त्या? मला तो माज वाटला, तुला तो पवित्र आत्मा वाटला. ती बाई नवऱ्याला भिंत दाखवत होती. आपण दोघी म्हाताऱ्या, एक बहिरी, एक शहाणी, आणि कोणाला काही कळलं नाही.

मी तिला म्हटलं, चल घरी. ती म्हणाली, लूम सुरू झाले की बघू. तोवर काय करायचं, मी विचारलं. तर म्हणाली, "तोवर तुम्ही गा."

म्हणून मी गाते. ज्याच्याशी माझं बोलणं बंद आहे त्याची स्तुती मी सकाळी सहापासून करते आहे. माझा आवाज म्हणजे गंजलेली कप्पी. मला स्वतःला तो ऐकू येत नाही हीच काय ती दया. शेठनं मंदी आहे म्हणून वेकेशन वाढवलंय. कधी सुरू होणार कोणाला माहीत नाही.

तू काय बघितलंस गं दुःख? पाळकाचं घर, मिशनचं आवार, दारात पेरूचं झाड. तिथे बसून आनंद करा म्हणायला काय जातं?

उषा


नवापूर
३० नोव्हेंबर

आक्का,

आज वचन लिहीत नाही.

मी मंगळवारी सभेत उभी राहिले आणि तुझं पत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. पेरूच्या झाडासकट. कोणी रडलं नाही. पाळकबाई म्हणाल्या, नाताळला दुसरी साक्ष घेऊ. घरी जाताना एकटी गायत्री माझ्याबरोबर होती. तिनं विचारलं, मग आता तो चालतो का? सगळ्या सभेत विचारण्यासारखं तेवढंच होतं आणि ते तिलाच सुचलं.

तू विचारलंस मी काय बघितलं. तुला माहीत आहे. माझी पहिली मुलगी अकरा महिन्यांची होऊन गेली तेव्हा मिशनच्या बायका येऊन माझ्या उशाशी बसायच्या आणि म्हणायच्या, ती देवाजवळ आहे, आनंद कर. मला त्यांच्या तोंडावर पाणी फेकावंसं वाटायचं. मग सुरतेहून तू आलीस. तेव्हाही तुला उत्तर सुचलं नव्हतं. एक शब्द बोलली नाहीस. माझी सगळी भांडी काढलीस आणि राखेनं घासलीस. घासलेलीच परत घासलीस. आठवडाभर. पितळेच्या तांब्याला पोचा आला तुझ्या हातानं. तो अजून आहे.

मला हे सगळं आठवत असून मी तुला पौल लिहून पाठवला. मी त्या बायकांसारखी कधी झाले, मला कळलं नाही. पाळकाच्या घरात राहून होतं बहुतेक.

मला यायचं आहे, पण हे गुडघे बसच्या पायरीला नाही म्हणतात. भांडी घासायला येऊ शकत नाही, म्हणून तांब्या पाठवते आहे, पोच्यासकट. शमूच्या उशाशी ठेव. बोट लागलं की पोच्यावरून त्याला आपला तांब्या ओळखता येईल.

गातेस का अजून?

सरला


लिंबायत
२७ डिसेंबर

सरले,

सलाम. हा लिहिलेला आहे, समजायचा नाही.

तांब्या पोचला. शमूनं हातात घेऊन विचारलं, हा पोचा कशाचा? मी म्हटलं, माझ्या प्रार्थनेचा. तो म्हणाला, मग तू करत जाऊ नकोस, भांडी फुटतील. सहा महिन्यांत हा त्याचा पहिला विनोद, आणि तो माझ्यावर.

सगळं सांगते. मी गायले. घसा बसला, तरी गायले. पहिल्या दिवशी शमू म्हणाला, आई, तू एका जागी गातेस आणि मग गप्प दुसरीकडे जातेस, त्यानं मी आणखी घोटाळतो. चालताना पण गा. म्हणून मी चालताना गायले. दुसऱ्या गाण्याचं दुसरं कडवं मला कधीच नीट येत नव्हतं, तिथे मी मनानं काहीबाही घालत होते. देव काही म्हणाला नाही. उखाची बायको आता जिन्यात थांबेना, कानात बोटं घालून पळायला लागली. शमू एकदा मोठ्यानं हसला. मला ऐकू आलं नाही, पण खाट हलली म्हणून बघितलं. ते तोंड मी जूननंतर बघितलं नव्हतं. मला आनंद झाला का, तर नाही. मला रडू आलं, पण धनश्रीनं सांगितलं होतं ते आठवलं आणि मी गात राहिले. ती खरं बोलली होती. आवाज फाटला तर कळत नाही.

दोन तारखेला लूम सुरू झाले. पायाखालची फरशी थरथरली, या वेळी माझ्या लक्षात आली. शमूनं भिंतीला पाठ लावली आणि एकटा मोरीवर जाऊन आला. माझं काम संपलं. मी दाराकडे तोंड करून बसले. ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी निरोप पाठवला नाही. कोणत्या तोंडानं पाठवणार? तोंड होतं ते गाऊन संपलेलं. आठवडा गेला. मनात म्हटलं, गेली ती. उरलेली वर्षं मोज आता, उषे.

मग अकरा तारखेचा बुधवार. खात्याला सुट्टी, म्हणून मी दाराशी बसून गात होते. गल्लीकडे पाठ. शमू खाटेवरून चुलीकडे निघाला होता, हात पुढे करून. मधेच थांबला. मी आपली कप्पी ओढतेच आहे. तो ओरडला, "आई, थांब. धनश्री आली." मी वळले तर ती खालच्या पायरीवर उभी. एका हातात पिशवी, एका हातात हर्षदा. ती आधीपासून काहीतरी म्हणत होती. शमूनं मला सांगितलं काय ते. दुसरं कडवं चुकतंय, असं म्हणत होती.

वर आली. कानाशी येऊन म्हणाली, मी तुमच्यासाठी आले नाही. मी म्हटलं, माझ्यासाठी कोण कशाला येईल, चपला बाहेर काढ. तिनं काढल्या.

क्षमेचं तू विचारशील. मी मागितली नाही. तिनं दिली नाही. त्या दिवशी तिची भाजी खारट झाली होती, मी गुपचूप खाल्ली, आणि तिनं ते बघितलं. आमच्याकडे याला क्षमा म्हणतात.

नाताळला चौघं मंडळीत गेलो. माझी इच्छा नव्हती. शमूला जायचं होतं. म्हणाला, तिथे सगळे एकदम गातात, तेव्हा खोली केवढी आहे ते कळतं. पाळकसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून नको म्हटलं. त्यांनी या वेळी आग्रह केला नाही, शहाणे झालेत थोडे. धनश्रीला कोणीतरी म्हणालं, तुझा विश्वास मोठा आहे, ताई. ती म्हणाली, मला तीन गाणी येतात. तिला अजून गाताना काही वाटतं की नाही हे मी विचारलं नाही. माझंही कोणी विचारलेलं नाही. तूही विचारू नकोस. त्याच्याशी बोलणं अजून बंदच आहे. गाणं तेवढं चालू आहे.

परवा नाताळही बुधवारीच होता, मंडळीतून घरी आलो. लूम बंद. ती चुलीशी बसली आणि मी दाराशी. ती एक ओळ म्हणते, मी पुढची म्हणते. मला तिची ओळ ऐकू येत नाही, म्हणून मी शमूकडे बघते. त्याची मान माझ्याकडे वळली की माझी पाळी.

उषा